सही आईबापाची, होकार पोरांचाही

"शाळकरी पोरांना संशोधनातलं काय कळतं, पालकांची सही घेतली की झालं" हे म्हणणं मला पटलं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या परवानगीसोबत मुलांचा स्वतःचा होकारही लागतो. ७ ते १२ वयात तोंडी, पुढे १८ पर्यंत लेखी.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या एका पाड्यावर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या अभ्यासासाठी गेलो होतो. माहितीपत्रक मराठीत, घरात बोलणं पावरा आदिवासींच्या पावरी भाषेत! (आमचीच अक्कल.) शेवटी नववीतल्या दोन पोरींनी ते आयाबायांना समजावलं. वाहक, म्हणजे आईबापापैकी एकाकडूनच दोष आलेला माणूस, आजारी नव्हे, हे आमच्यापेक्षा त्यांनीच सोपं करून सांगितलं. मग त्यातल्या एकीनं विचारलं, "सर, रिपोर्ट गावात फुटला तर आमच्या लग्नाचं काय?" आमच्या छापील कागदात याला उत्तर नव्हतं. परत येऊन तो कागद नव्यानं लिहिला.