सरतपासणी, उलटतपासणी आणि फेरतपासणी यांत नेमका फरक काय?

प्रश्न : जमिनीच्या दाव्यात माझ्या वडिलांची साक्ष व्हायची आहे. शाळेतली परीक्षा आणि दवाखान्यातली तपासणी आम्हाला ठाऊक आहे. परंतु वकिलांनी वापरलेल्या या तीन शब्दांचा अर्थ कोणी उलगडून सांगेल का?

प्रतिसाद १ : ज्या पक्षाने साक्षीदार बोलावला, त्याने केलेली ती सरतपासणी, विरुद्ध पक्षाने केलेली ती उलटतपासणी आणि त्यानंतर पहिल्याच पक्षाने पुन्हा केलेली ती फेरतपासणी. १८७२ च्या पुरावा कायद्यातील हाच क्रम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही (कलमे १४२ व १४३) कायम आहे. दिवाणी दाव्यात सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर दाखल होते, त्यामुळे वडिलांना पिंजऱ्यात खरे तोंड द्यावे लागेल ते उलटतपासणीलाच. म्हणून सही करण्यापूर्वी प्रतिज्ञापत्राची ओळ न ओळ त्यांना वाचून दाखवा, ही कळकळीची विनंती.

प्रतिसाद २ : ‘त्या दिवशी तुम्ही बांधावर नव्हताच ना?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न उलटतपासणीत विचारता येतात; सरतपासणीत मात्र हरकत आल्यास न्यायालयाची परवानगी लागते. वडिलांनी ते नाकारले, तर नोंदीत ‘मी बांधावर नव्हतो, हे म्हणणे खरे नाही’ असे वाक्य येते. ते वाचून गोंधळू नये.

प्रतिसाद ३ : फेरतपासणी उलटतपासणीत निघालेल्या मुद्द्यांच्या खुलाशापुरतीच असते. न्यायालयाच्या परवानगीने नवा मुद्दा आलाच, तर त्यावर विरुद्ध पक्षाला पुन्हा उलटतपासणी करता येते.