दहावीनंतर अकरावी सायन्सच का?

भाऊ, पोराला ७२ टक्के आहेत, मोटर खोलायची आवड आहे, तरी 'चारचौघांसारखं सायन्सच' असं तुमच्या घरचे म्हणतात. आमच्याकडे हेच झालं. मी अकरावीला जळगावात क्लास लावला, बारावीत गणिताने पार आडवा केला, दोन वर्षं अन् बाबांचे कपाशीचे पैसे गेले.

धाकट्या भावाने दहावीनंतर थेट पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला, इलेक्ट्रिकल. तीन वर्षं. मग डिप्लोमाच्या मार्कांवर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश, सीईटी नाही. पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी पुस्तकांनी मात्र त्याला रडवलं, मराठी माध्यमाच्या पोराने हे धरूनच चालावं.

आयटीआयला कमी लेखू नका. दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर झाला की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. भुसावळला रेल्वे, दीपनगरला वीज केंद्र, जळगाव एमआयडीसीत चटई-पाइपचे कारखाने. हात चालणारा माणूस सगळ्यांनाच लागतो.

डॉक्टरच व्हायचं असेल तर सायन्सला पर्याय नाही, वाद संपला. नाहीतर फॉर्म भरण्याआधी एकदा पोराला पॉलिटेक्निकचं वर्कशॉप दाखवून आणा. अन् जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आत्ताच काढायला टाका. जूनमध्ये सेतू केंद्रावर दाखल्यांची रांग बाहेर रस्त्यापर्यंत येते.