सुपारी, झोल, मटका: भाईलोकांचे शब्द की आपलेच?

'सुपारी घेणे' नक्की आलं कुठून? ऑफिसात सगळे बोलतात अंडरवर्ल्डमधून, मला काय पटत नाही.

अहो कसलं अंडरवर्ल्ड, आपल्याकडे लग्न ठरलं की सुपारी फुटते ना, म्हणजे बोलणी पक्की, आता माघार नाही, तेच आहे हे. तमाशावाल्यांकडेही हाच शब्द, नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात तिथे गावोगावची मंडळी येऊन जत्रेची सुपारी देऊन तारीख पक्की करून जातात. आणि लालबाग-परळच्या बेंजोवाल्यांना विचारा यंदा गणपती आगमनाच्या सुपाऱ्या किती, त्यात कोणाचा मुडदा पडत नाही (कानाचे पडदे सोडून). भाईलोकांनी फक्त काम बदललं, इसार घेऊन शब्द देणं तेच.

+१. झोलचंही तसंच आहे, शिंपी सांगतो ना 'खांद्याला झोल येतोय', म्हणजे कापड ढिलं पडतंय, ताणून बसत नाहीये. आता हिशोबात झोल, सर्व्हरमध्ये झोल, आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये तर झोलच झोल.

मग मटका पण गावाकडचा म्हणाल 😄

नाही, तो आकड्यांचा जुगार अस्सल मुंबईचा. आधी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून तारेने भाव यायचे, ते उघडताना नि बंद होताना किती असतील यावर लोक पैसे लावायचे, ओपन-क्लोज तिथलंच. १९६१ च्या सुमारास ते भाव यायचे बंद झाले, मग आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून काढायला लागले, म्हणून मटका. पुढे मडकं जाऊन पत्ते आले तरी नाव तेच, आणि आता कोणाचं काम अचानक जमलं तरी 'मटका लागला'.

पेटी-खोका राहिलं की! पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. २०२२ ला विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधक 'पन्नास खोके, एकदम ओके' ओरडले तेव्हापासून आमच्या आजीला पण कळतं, किराणावाल्याकडे रिकामा खोका मागताना हसते.

आणि 'एकदम रावस'? ते माशावरूनच ना?

माशावरूनच असणार, दुसरं काय. बोंबील बारक्या पोराला चिडवायला, रावस कौतुकाला, भावातला फरक बघा म्हणजे कळेल.