माळ्यावर पडलेले कम्प्युटरचे पार्ट : कितीला विकलेत, कसे विकलेत?

गोरेगाव_पूर्व
परवा माळा आवरताना कॅबिनेटचा जुना खोका हाताला लागला. वर बाबांच्या अक्षरात मार्करने "बिल आत आहे" लिहिलेलं. होतंही आत. लॅमिंग्टन रोडच्या दुकानाचं, २०१४ च्या दिवाळीतलं, कार्बनकॉपीचं निळं बिल. आय-५ ४५९० प्रोसेसर, बारा हजार आठशे. मदरबोर्ड चार हजार दोनशे. ग्रँट रोडहून बोरिवली स्लोमध्ये बाबा कॅबिनेट मांडीवर घेऊन बसले होते आणि मी मॉनिटरचा खोका धरून उभा. गोरेगावला उतरेपर्यंत दोघंही काही बोललो नव्हतो, एवढं टेन्शन.

ते मशीन २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत चालू होतं. १४ तारखेला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आमचा चौथ्या पिढीतला. म्हणून आईला नवं घेतलं आणि हे सगळं माळ्यावर गेलं.

आता विकायला काढलं. आधी सगळं मिळून बारा हजार लावले. बिलाचा आकडा डोळ्यासमोर होता ना. चार दिवसांत "लास्ट कितना" सोडून काही आलं नाही. मग सुटं सुटं टाकलं आणि तासाभरात बोर्डसाठी तीन फोन! कल्याणचा एक मुलगा दुसऱ्या दिवशी दादरला येऊन बावीसशे देऊन बोर्ड घेऊन गेला. प्रोसेसर मात्र कसाबसा हजारात गेला. बाबांनी ज्याला सर्वांत जास्त मोजले त्याला सर्वांत कमी भाव. त्या मुलानेच कारण सांगितलं : प्रोसेसर सहसा मरत नाही, बोर्ड मरतो. पावसाळ्यात दमट हवेने, कपॅसिटर फुगून. त्यामुळे बोर्डाविना पडलेले प्रोसेसर ढिगाने आहेत आणि त्या सॉकेटचे, म्हणजे तो प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिचे, चांगले बोर्ड शोधावे लागतात.

तुम्ही काय काय विकलंत? किंमत कशी ठरवलीत? लिहा. ग्राफिक कार्ड आणि रॅम अजून माझ्याकडेच आहे.

विरार_फास्ट
४५९० हजारात बरोबर दिलास. माझा आय-५ ३४७० सातशेला पण कोणी घेईना. शेवटी भाच्याच्या शाळेच्या प्रोजेक्टला दिला, फळ्यावर चिकटवून 'सीपीयू' म्हणून दाखवायला.

सायली_ठाणे
अरे दादरला कुठे भेटलास? मला नेहमी प्रश्न पडतो. स्टेशनवर वस्तू चालवून कशी दाखवायची?

गोरेगाव_पूर्व
@सायली, पुलाखालच्या कम्प्युटर रिपेअरवाल्याला पन्नास रुपये दिले. त्याच्या टेबलावर लावून दाखवलं. घेणाऱ्याचंही समाधान, माझंही.

रात्रपाळी
ग्राफिक कार्ड असेल तर लवकर काढ बाबा, थांबू नकोस. मी २०२१ मध्ये दुप्पट पैसे मोजून घेतलं होतं, तेव्हा मायनिंगमुळे, म्हणजे क्रिप्टो चलन कमवायला लोक कार्डं रात्रंदिवस चालवायचे त्यामुळे, दुकानात कार्डच मिळत नव्हतं. २०२२ मध्ये विकायचं ठरवलं पण "अजून थोडं थांबू" करत बसलो. सप्टेंबरमध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाने कार्डांवरचं मायनिंगच बंद केलं आणि बाजारात मायनिंगची कार्डं धोधो आली. माझं घरात गेम खेळलेलं, स्वच्छ, पण पहिला प्रश्न प्रत्येकाचा एकच, "माइनिंग में यूज़ किया है क्या?" नाही म्हटलं तरी विश्वास नाही. निम्म्याहून कमी आले. बायकोच्या भिशीचे पैसे घातले होते त्यात, ते अजून मनाला लागतं.

मोगरा
@रात्रपाळी 🙏 असं होतं हो. त्या वेळी कुणाला कळणार.

अंजली_के
माझं ऐका सगळ्यांनी. ८ जीबीच्या दोन रॅम टाकल्या, पाच मिनिटांत मेसेज. मी आर्मीत आहे, पोस्टिंग लागलंय, भाऊ न्यायला येईल, पैसे आत्ता पाठवतो. घासाघीस अजिबात नाही, मागितले तेवढे कबूल. मग एक क्यूआर कोड आला, "मॅडम स्कॅन करो, पैसा आ जाएगा". कुकरच्या शिट्ट्या चालू, मुलीची बस यायची वेळ. स्कॅन केला, पिन टाकला, साडेचार हजार गेले. लगेच दुसरा कोड, "गलती से कट गया, ये स्कॅन करो, दोनों वापस आएगा". तिथे हात थांबला. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला, पैसे मिळाले नाहीत.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. हे मला माहीत होतं हो. त्या क्षणी सुचलं नाही.

विरार_फास्ट
अंजलीताई, वाईट वाटलं. घासाघीस न करणारा गिऱ्हाईक मुंबईत? तिथेच ओळखायचं आता.

मोगरा
माझ्या सासऱ्यांना पण हेच झालं होतं, फक्त सोफा विकताना. त्यांनी आठ दिवस घरात सांगितलंच नाही. लवकर फोन करणं फार महत्त्वाचं, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात कधी कधी. अंजली, तू केलास हे चांगलं केलंस.

पिंपळपान
लॅमिंग्टन रोड म्हटल्यावर मला मेरवानचे मावा केकच आठवतात. ग्रँट रोडला उतरून आधी तिथे, मग हार्ड डिस्क. उशीर केला की केक संपलेले असायचे.

सायली_ठाणे
@पिंपळपान आता भूक लागली. डब्यात दुधी आहे माझ्या.

कोपरखैरणे_से.
पॅकिंगबद्दल लिहितो. रायझेन ३६०० नाशिकला कुरिअर केला. त्याच्या एएम-४ सॉकेटला पिना प्रोसेसरच्या पोटाखाली असतात, तेराशेच्या वर, केसासारख्या. मी शहाणपणाने फोममध्ये दाबून, वर वर्तमानपत्र, वर चिकटपट्टी. पोचला तेव्हा कोपऱ्यातल्या सहा पिना आडव्या. त्या गृहस्थांनी भांडण न करता व्हिडिओ कॉल लावला. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून, पेन-पेन्सिलीच्या रिकाम्या नळीत एकेक पिन अडकवून सरळ केली. पाऊण तास! मी इकडे श्वास रोखून. सहावी झाली, बोर्डात बसला, स्क्रीन आली. मी पाचशे परत पाठवले, त्यांनी तीनशेच ठेवून घेतले. तेव्हापासून प्लास्टिकच्या मूळ डबीशिवाय प्रोसेसर पाठवत नाही. बोर्ड असेल तर सॉकेटवरचं काळं झाकण जपून ठेवा, इंटेलच्या बोर्डात पिना तिथे असतात.

रात्रपाळी
तीनशे ठेवून दोनशे परत. नाशिककरांना नमस्कार.

बाराखडी
रॅमवाले घाई करू नका. मी २०२५ च्या उन्हाळ्यात १६ जीबी डीडीआर-४ अठराशेला दिली. वर्ष संपता संपता एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी उचलली जायला लागली आणि नव्या रॅमचे भाव कुठच्या कुठे. जुन्यांचेही चढले. टाकण्याआधी त्याच दिवशीचा भाव बघा, आणि नुसती जाहिरात बघू नका. महिनाभर पडून राहिलेली जाहिरात म्हणजे तो भाव मिळत नाहीये. जी दोन दिवसांत गायब होते ती खरी.

गोरेगाव_पूर्व
@बाराखडी माझी त्याच्या आधीच्या पिढीची, डीडीआर-३ आहे हो, चार-चारच्या दोन. तिलाही आहे का भाव?

बाराखडी
तेवढा नाही. पण जुन्या बोर्डवाल्यांना लागते. मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) एक पूर्ण फेरी चालवून स्क्रीनचा फोटो टाक, लगेच जाईल.

चिंचपोकळी_७२
मी विकलेलं नाही, घेतलेलं सांगतो. एकाकडून १ टीबीची जुनी हार्ड डिस्क घेतली, फॉरमॅट केलेली. माझाच काही डेटा उडाला म्हणून रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं, तर आधीच्या माणसाचे फोटो वर यायला लागले. एका बाळाचं बारसं. पाळण्याला झेंडूच्या माळा, एक आजी कानात नाव सांगताहेत, मागे भिंतीवर कॅलेंडर. दोनशेच्या वर फोटो. साध्या फॉरमॅटने फक्त यादी पुसली जाते, फोटो तिथेच राहतात.

नंबर अजून मोबाइलमध्ये होता, फोन लावला. तो माणूस आधी घाबरला, त्याला वाटलं पैसे मागतोय. मग गप्पच झाला. म्हणाला, आई गेली आमची, हे फोटो गेले असंच समजत होतो. पेन ड्राइव्हवर भरून लालबागला नेऊन दिले. त्याने चहा पाजला आणि मुलीला बोलावलं, आता चौथीत आहे.

मोगरा
🙏🙏 वाचून अंगावर काटा आला.

अंजली_के
किती चांगलं केलंत. आज माझी कपाटातली डिस्क बघते, विकायच्या आधी काय काय आहे ते.

गोरेगाव_पूर्व
चिंचपोकळी, तुमचं वाचलं आणि आमची जुनी डिस्क लावून बसलोय. बाबांचा एक फोल्डर आहे, "लाइट बिल" नावाचा. सगळी बिलं स्कॅन करून ठेवलीत, २०१५ पासूनची. डिस्क जाहिरातीतून काढली.

सायली_ठाणे
बरं केलंस. आणि ग्राफिक कार्ड कुठलं आहे रे? शनिवारी घाटकोपरला येता येईल का तुला?