डबल स्टँड नसलेल्या गाडीची चेन घरी कशी साफ करायची, कशी ताणायची?

प्रश्न (पार्किंग_बी१२): गाडी यामाहा आर15 व्ही3, साइड स्टँड तेवढा आहे. काम सोसायटीच्या पार्किंगमध्येच करावं लागतं. फरशी गुळगुळीत, थोडी उताराची. मागचं चाक न उचलता चेन साफ करून तेल कसं द्यायचं? ढील नेमकी कशी मोजायची? आणि पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड) एकट्याने लावता येतो का, की लाकडी टेकूवर भागतं?

चेनस्प्रॉकेट: सगळ्यात आधी एक गोष्ट. चेन फिरवायला इंजिन चालू करून गियर टाकायचा नाही, कधीच नाही. चेन आणि स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्राच्या) मधे फडकं ओढलं जातं आणि त्याच्यामागे बोटं जातात. गाडी बंद, किल्ली खिशात, न्यूट्रल.

साफसफाईसाठी चाक उचलायची गरजच नाही. तुमच्या मागच्या स्प्रॉकेटला 48 दात आहेत. चेनच्या कड्या 130 च्या आसपास धरल्या, तर अख्खी चेन फिरायला चाकाच्या पावणेतीन फेऱ्या लागतात. 140/70-17 टायरचा घेर साधारण 1.97 मीटर. म्हणजे गाडी साडेपाच मीटर ढकलली की झालं, एका कारच्या जागेपेक्षा थोडं जास्त. खडूने एका कडीवर खूण करा. दिसते तेवढी चेन साफ करा, गाडी अर्धा-पाऊण मीटर पुढे, पुन्हा साइड स्टँड, पुन्हा तेच. उताराच्या तोंडाला पुढच्या चाकाखाली वीट लावा.

रॉकेल किंवा चेन क्लीनर, आणि मऊ ब्रश. पेट्रोल नको, तारेचा ब्रशही नको; ओ-रिंग (कड्यांच्या सांध्यातल्या रबरी रिंगा) कडक होतात किंवा फाटतात, आतलं ग्रीस निघून जातं आणि मग वरून कितीही तेल ओता, कड्या आखडतातच. फडक्याने पुसून चेन पूर्ण कोरडी होऊ द्या. मग 90 नंबरचं गियर ऑइल खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने, ओ-रिंग असतात त्या सांध्यांवर. चाक फिरलं की तेल आपोआप बाहेर फेकलं जातं, म्हणून आतून द्यायचं. पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून काढा. टायरखाली पुठ्ठा हवाच. टायरवर तेल पडलं तर साबणाने धुतल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

पाना१७: ढिलीबद्दल. मॅन्युअलमध्ये दोन गोष्टी बघा: आकडा किती आणि गाडी कशी उभी करून मोजायचा. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना 25 ते 35 मिमी असतो, पण साइड स्टँडवर मोजायचा आकडा चाक हवेत ठेवून मोजला की फसगत होते, कारण स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) खाली लोंबतो आणि ढील बदलते. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट (तो जिथे फिरतो तो सांधा) आणि मागचा एक्सल (चाकाचा आस) एका रेषेत आले की चेन सर्वात जास्त ताणली जाते. उभ्या गाडीची चेन टाइट ठेवली, तर खड्ड्यात सस्पेन्शन दबल्यावर सगळा ताण गियरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. शंका असेल तर किंचित ढिलीच बरी.

खालच्या पट्ट्याच्या मधोमध स्टीलची पट्टी उभी धरा. बोटाने चेन खाली दाबा, आकडा घ्या. वर ढकला, आकडा घ्या. फरक म्हणजे ढील. चार जागी मोजा आणि जिथे सर्वात टाइट लागते तिथेच सेट करा.

एक्सल नट सैल करून दोन्हीकडचे ॲडजस्टर (चेन ताणायचे स्क्रू) सारखेच, पाव-पाव फेरी फिरवा. नट आवळताना मागचं चाक पुढे दाबलेलं असावं, नाहीतर एक्सल मागे राहून चेन जास्त ताणली जाते. आवळून झाल्यावर ढील पुन्हा मोजा. बहुतेक वेळा थोडी बदललेली असते. नट टॉर्क पान्यानेच, मॅन्युअलमधल्या आकड्याला.

स्विंगआर्म_स्पूल: पॅडॉक स्टँड एकट्याने लागतो. स्विंगआर्मला आटे असलेली भोकं असतील तर स्पूलवाला (भोकांत बसवलेल्या गोल खुंट्यांना धरणारा) घ्या, पण आट्याचा व्यास आधी मोजा. 6, 8, 10 मिमी असे वेगवेगळे येतात. भोकं नसतील तर स्विंगआर्मला खालून टेकणारा रबरी कपवाला. पुढचा ब्रेक रबरबँडने बांधा. गाडीच्या डावीकडे उभं राहून डाव्या हाताने मागचा ग्रॅब रेल धरा, गाडी सरळ करा, दोन्ही कप टेकलेत हे वाकून बघा आणि मगच उजव्या हाताने स्टँड खाली दाबा. एकच कप टेकला असेल तर गाडी उजवीकडे, म्हणजे तुमच्यापासून लांब पडते आणि तिथे पकडायला कोणी नसतं. पहिल्या दोन-तीन वेळा उजवीकडे माणूस उभा करा.

एक्सल नट मात्र गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. स्टँडवर चढवून पान्यावर जोर लावला तर गाडी स्टँडवरून पुढे सरकते.

आता लाकडी टेकूचं. गाडी साइड स्टँडवर डावीकडे ओढून उजव्या स्विंगआर्मखाली ठोकळा सरकवायचा प्रकार चाक फिरवून बघण्यापुरता ठीक. सगळं वजन साइड स्टँडच्या एका बोल्टवर येतं, आणि तुमच्या फरशीवर तो घसरेल. टेकू सायलेन्सरखाली किंवा इंजिनच्या ऑइल फिल्टरच्या झाकणाखाली लावू नका. चाक काढायचं असेल तर टेकू नाहीच, पॅडॉक स्टँड.

पार्किंग_बी१२: टेकू बाद. ऑइलची पातळी बघतानाही गाडी सरळ लागते का?

पाना१७: हो. साइड स्टँडवर तेल डावीकडे गोळा होतं आणि आकडा चुकतो. इंजिन गरम करून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, गाडीवर बसून सरळ करा आणि दुसऱ्याला बघायला सांगा. एकटे असाल आणि इंजिनला तेलाची पातळी दाखवणारी काच असेल तर मोबाइल व्हिडिओवर ठेवून काचेसमोर टेकवा. डिपस्टिक असेल तर आटे फिरवून मोजायची की नुसती टेकवून, ते मॅन्युअलमध्ये बघा. त्यातच बरेच जण जास्त तेल भरून बसतात.