शब्दचर्चा: पाण्याची ‘अल्कता’ की ‘क्षारता’?

माळरान (मोहोळ): डाळिंबाला ठिबक आहे म्हणून बोअरचं पाणी तपासून आणलं. अहवालात सामू (पीएच) ७.५ आणि त्याखाली ‘क्षारता ३९० मि.ग्रॅ. प्रति लिटर’ असं आहे. मागच्या वेळी दुसरीकडच्या अहवालात याच ओळीला ‘अल्कता’ म्हटलं होतं. पाणी चवीला अजिबात खारट नाही, मग क्षारता कसली? आणि सामू साडेसात असताना हा आकडा एवढा मोठा कसा?

ब्युरेट (सोलापूर): दादा, ओळ एकच आहे, शब्द तेवढा चुकीचा पडलाय. तिथे अल्कताच हवी. आपल्याकडे क्षार म्हटलं की मीठ डोळ्यांसमोर येतं: क्षारपड जमीन, क्षाराचं पाणी. शाळेच्या पुस्तकातही आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार तयार होतो. हिंदीत मात्र क्षार म्हणजे अल्कली आणि मिठाला लवण, त्यामुळे तिकडची ‘क्षारीयता’ बरोबर आहे. तीच मराठीत ‘क्षारता’ होऊन उतरली की वाचणाऱ्याला पाणी खारट वाटतं. विरघळलेल्या एकूण क्षारांची ओळ अहवालात वेगळी असते.

अल्कता म्हणजे पाण्याची आम्ल रिचवण्याची क्षमता. ती मोजतात कशी ते पाहिलं की अर्थ पक्का बसतो. शंकुपात्रात ५० मिलि पाणी घेऊन फिनॉल्फ्थॅलिनचे, म्हणजे सामूनुसार रंग बदलणाऱ्या दर्शकाचे, दोन थेंब टाकायचे. गुलाबी झालं तर सामू ८.३ च्या वर, म्हणजे कार्बोनेटही आहे. तुमच्या पाण्याला गुलाबी रंग येणार नाही, त्यातली अल्कता बायकार्बोनेटची. मग मिथिल ऑरेंज हा दुसरा दर्शक टाकला की पाणी पिवळं दिसतं. आता ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या काचनळीतून, ०.०२ नॉर्मल (ठरावीक तीव्रतेचं, खूप पातळ) सल्फ्युरिक आम्ल सोडत पात्र हलवत राहायचं. शेवटाकडे थेंब पडेल तिथे नारिंगी ठिपका उमटतो आणि हलवलं की विरतो. तो विरायचा थांबून सगळं पाणी नारिंगी झालं की तोटी बंद. सामू तेव्हा साडेचारच्या आसपास आलेला असतो. जितके मिलि आम्ल लागलं त्याला २० ने गुणायचं. १९.५ मिलि लागलं तर ३९०. पुस्तकात याला अनुमापन म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे टायट्रेशनच म्हणतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

सामूचं म्हणाल, तर लिटरभर शुद्ध पाण्यात ४ मिलिग्रॅम कॉस्टिक सोडा टाकला की सामू थेट १० वर जातो, पण अल्कता भरते जेमतेम ५ मि.ग्रॅ. तुमच्या पाण्याचा सामू साडेसातच, तरी ते त्याच्या ७८ पट आम्ल रिचवतं.

खडूफळा: क्षार म्हणजे मीठ हा एकच अर्थ धरू नका. आयुर्वेदातला यवक्षार म्हणजे जव जाळून राखेतून काढलेला, तो अल्कच. घरातल्या पापडखारातही काम करतं ते कार्बोनेट. म्हणजे जुन्या हिशोबाने क्षारता चूक ठरत नाही. शिवाय शेतीच्या पुस्तकांत सामूला ‘आम्ल-विम्ल निर्देशांक’ आहेच. विम्लता का नको?

ब्युरेट: ताई, पापडखाराचं पूर्ण मान्य. अल्क ज्या अरबी शब्दावरून आला त्याचाही मूळ अर्थ वनस्पतीची राखच. पण शब्द आज वाचणारा कसा घेतो ते बघायला हवं, आणि आजचा शेतकरी क्षार म्हणजे मीठच समजतो. विम्ल हा शब्द मला आवडतो, पण तो सामूकडे ठेवावा: ७ च्या वर गेलं की पाणी विम्ल. माळरान यांचं पाणी जेमतेम विम्ल आहे आणि अल्कता मात्र भरपूर. हे सांगायला दोन शब्द लागतातच.

ताणाबाणा: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या डाईंगला आहे. आमच्यात ‘पाण्याला अल्कली किती?’ असंच विचारतात. बोअरचं आणि उजनीचं पाणी एकाच सामूचं असलं तरी ॲसेटिक ॲसिड कमी-जास्त का लागतं, ते आज नीट कळलं.

माळरान: मग आकड्यापुढे ‘कॅल्शियम कार्बोनेट म्हणून’ कशाला लिहितात? एवढा चुना आहे का पाण्यात?

ब्युरेट: तसं नाही. तेवढंच आम्ल रिचवायला किती कॅल्शियम कार्बोनेट लागलं असतं, ते सांगायची ही रीत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण अल्कतेची मर्यादा २०० आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते, तीही याच हिशोबात. ठिबकसाठी कॅल्शियमची ओळही बघा. दोन्ही जास्त असतील तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. तो काढायला आम्ल किती सोडायचं याचा अंदाज नुसत्या सामूवरून बांधू नका, अल्कतेवरून काढा. आणि आम्ल पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही. पुढच्या वेळी नमुन्याची बाटली काठोकाठ भरून घट्ट लावा. रिकामी जागा राहिली की कार्बन डायऑक्साइड निघून सामू चढतो, आणि चुना तळाशी बसला तर अल्कताही कमी दिसते.