बोटीचे इंजिन हिवाळ्यासाठी बंद करताना केवळ अँटिफ्रीझ पुरते का?

प्रश्न (मिनेसोटा)

मिनिआपोलिसजवळच्या मिनेटोंका तलावासाठी आम्ही यंदा एक वापरलेली बोट घेतली. तिला मर्क्रूझरचे ४.३ लिटरचे व्ही-६ स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत मागे, तर पंख्याचा भाग म्हणजे ‘ड्राइव्ह’ बाहेर) इंजिन असून ते थेट तलावाचे पाणी खेचून थंड होते. ऑक्टोबरमध्ये बोट ट्रेलरवरून घरी आणून गॅरेजमध्ये ठेवायची आहे. मात्र गॅरेजला हीटिंग नाही आणि जानेवारीत पारा कधी कधी उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. आधीच्या मालकांच्या सांगण्यानुसार ड्राइव्हला इयरमफ (पाणी खेचण्याच्या छिद्रांवर बसणाऱ्या, नळी जोडलेल्या रबरी वाट्या) लावून इंजिन चालू करावे, त्यातून पाच-सहा गॅलन गुलाबी अँटिफ्रीझ (थंडीत न गोठणारा द्रव) ओढून घ्यावे आणि एक्झॉस्टमधून गुलाबी रंग दिसला की काम झाले. एवढे खरोखरच पुरेसे आहे का?

उत्तर १ (विस्कॉन्सिन)

आमच्याकडे बरेच जण असेच करतात आणि त्यांचे निभावते. फक्त इंजिन आधी चांगले तापवून घ्यावे आणि अँटिफ्रीझ प्रॉपिलिन ग्लायकॉलचेच वापरावे, कारण मोटारीतले एथिलिन ग्लायकॉल विषारी असते आणि वसंतात ते थेट तलावात जाईल.

उत्तर २ (मिशिगन)

वरील पद्धतीवर एकटीवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडणारी झडप) साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतो; तो बंद असेल तर खेचलेले अँटिफ्रीझ ब्लॉकमध्ये (इंजिनच्या ओतीव लोखंडी मुख्य भागात) फारसे न शिरता मॅनिफोल्डमधून (एक्झॉस्टचे वायू बाहेर नेणाऱ्या भागातून) परस्पर बाहेर पडते. म्हणजे एक्झॉस्टला गुलाबी रंग दिसला तरी ब्लॉकमध्ये तलावाचे पाणी जसेच्या तसे असू शकते. थर्मोस्टॅट उघडला तरी उरलेल्या पाण्यात मिसळून अँटिफ्रीझ पातळ होते, आणि डब्यावर छापलेला उणे ५० फॅरनहाइटचा आकडा तर पाणी न मिसळलेल्या द्रवासाठी असतो. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. ओतीव लोखंड तो ताण सोसत नाही आणि ब्लॉकला तडा जातो. तो बहुधा वसंतातच कळतो, इंजिन ऑइल पाणी मिसळून दुधाळ झाल्यावर.

म्हणून आधी पाणी काढावे, अँटिफ्रीझ नंतर. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे आणि दोन्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे ड्रेन प्लग उघडावेत, पाण्याच्या पंपाकडे जाणारा मोठा होज (रबरी नळी) खालच्या टोकाला सोडवावा आणि पॉवर स्टिअरिंगच्या कूलरमधले पाणीही विसरू नये. जुन्या इंजिनांत हे प्लग पितळी असतात, तर नंतरच्या अनेक इंजिनांत हाताने फिरवायचे निळे प्लास्टिकचे असतात. नेमक्या जागा आपल्या मॅन्युअलमध्ये पाहाव्यात. हे सगळे ड्राइव्ह पूर्ण खाली ठेवून करावे आणि नंतरही तो खालीच राहू द्यावा.

उत्तर ३ (ओंटारियो)

इंजिन शेवटचे चालवण्याआधी टाकीत फ्युएल स्टॅबिलायझर (साठवलेले इंधन खराब होऊ न देणारा द्रव) टाकावा, म्हणजे तो कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचेल. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओलावा साठतो, म्हणून ते वसंताची वाट न पाहता आताच बदलावे. ड्राइव्हचे गिअर ऑइल दुधाळ निघाले तर सीलमधून पाणी शिरले आहे असे समजावे. ते तिथे गोठले तर ड्राइव्हचे आवरणही फुटते. बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवावी, कारण उतरलेली बॅटरी थोड्याच थंडीत गोठते. एक सूचना वेगळी: विम्याची पॉलिसी नीट वाचावी, कारण इंजिनमधले पाणी गोठून झालेले नुकसान अनेक पॉलिसींमध्ये वगळलेले असते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. आज प्लग उघडून पाहिले. डाव्या बाजूने पाणी जोरात आले, पण उजव्या बाजूने जेमतेम काही थेंब पडले. ती बाजू रिकामीच असेल का?

उत्तर २ (मिशिगन)

मुळीच नाही. तिथे गंज आणि वाळू साचून भोक बुजले असावे. जाड तार किंवा स्क्रू-ड्रायव्हर आत घालून हळूहळू हलवावे. आधी तांबूस गाळ निघेल आणि मग पाण्याची धार लागेल. पाणी आपोआप थांबेपर्यंत तार पुन्हा पुन्हा फिरवावी. त्यानंतर अँटिफ्रीझ भरायचे असल्यास प्लग परत लावून ते थर्मोस्टॅट हाउसिंगवरच्या होजांमधून थेट ब्लॉकमध्ये आणि मॅनिफोल्डमध्ये ओतावे, म्हणजे थर्मोस्टॅट उघडण्याची वाट पाहावी लागत नाही. भरायचे नसल्यास सगळे प्लग एका पिशवीत घालून ती पिशवी स्टिअरिंगला बांधून ठेवावी.